काढलेलं चाक

सासरे अपघातात गेल्यावर सासूबाई जावयाकडे राहायला आल्या आणि घरातली एकही वस्तू जागेवर राहीना. आज तर कहरच झाला. उंच जीपला जॅक पुरेना, म्हणून त्यानं खाली विटा रचून गाडी उचलली, पुढचं चाक काढलं आणि दुसरा पाना आणायला आत गेला. परतला तर चाकच गायब! “आई, चाक पाहिलंत?” “आहे जागेवर.” कुठल्या जागेवर? अख्खं अंगण पालथं घातलं, डोकं भंजाळलं. शेवटी वैतागून चाकाचा नाद सोडला आणि दुरुस्तीसाठी तो पुढून गाडीखाली सरकला, तोच जॅकखालची वीट फुटली. जीप धाडकन खाली आली आणि त्याच्या नाकापासून चार बोटांवर थांबली. कशावर, तेच कळेना. त्यानं मान वळवली. गाडीच्या पोटाखाली चाक आडवं ठेवलेलं होतं. “जावईबापू, बोला काहीतरी!” “आहे मी. पण हे चाक इथं...” “ह्यांच्या वेळी ते बाहेरच राहिलं होतं.”