तपासणी पूर्ण

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या नवव्या मजल्यावरच्या ऑफिसात सरकारी इन्स्पेक्टर स्क्रीनला नाक लावून बसले होते. दोनशे बारा लिफ्टच्या नोंदी, आणि प्रत्येकीपुढे ‘तपासणी पूर्ण’. सगळ्यांची वेळ एकच, अगदी सेकंदासकट.

“एका सेकंदात दोनशे बारा लिफ्ट तपासल्या? कमाल आहे बुवा तुमची!”

“तपासणी महिनाभर चालली, साहेब,” कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणाला. “नोंदी तेवढ्या छोटा प्रोग्राम लिहून, स्क्रिप्टने एका दमात बदलल्या. एकेक उघडून कोण भरत बसणार?”

“तेच तर,” मॅनेजरने री ओढली. “मुलगा हुशार आहे आमचा.”

उत्तर पटण्यासारखं होतं. इन्स्पेक्टरांना नेमकं तेच खटकत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“सही खाली चहा घेताना करतो. चला, दोघंही चला.”

या इमारतीची लिफ्ट यादीत पहिलीच होती. ती आली, इन्स्पेक्टर आत शिरले आणि दार हाताने धरून उभे राहिले.

ऑपरेटरने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने जिन्याकडे.

“तुम्ही व्हा पुढे, साहेब,” दोघं एकदमच म्हणाले. “आम्ही आलोच चालत.”