ओढ्यावरची परीक्षा

"बेचाळीस फॅरनहाइट," ऑर्लिन म्हणाला आणि त्याने थर्मामीटर पाण्यातून काढून त्या माणसाच्या नाकासमोर धरला. "बघून घ्या. चष्म्याशिवाय वाचलंय."

माणसाने वाकून पाहिलं, खिशातून छोटी वही काढली आणि आकडा टिपून घेतला. ऑर्लिनने थर्मामीटर पुसून खिशात टाकला. म्हणजे सुरुवात झाली तर.

हिवाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला होता. दोनदाच. पण मुलीने, सिग्नीने, तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं. "गुरुवारी नऊला सरकारी ऑफिसातून कुणीतरी येईल, बाबा. दिवसभर तुझ्याबरोबर राहील, तू एकटा राहू शकतोस का बघेल. नाही म्हणाले तर तू माझ्याकडे शहरात." शहरातली ती खोली ऑर्लिनने पाहिली होती. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसायचा.

आणि गुरुवार उजाडला तो असा. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, सावलीत अजून बर्फाचे पट्टे. मार्चअखेरच्या अशाच दिवशी त्या बारीक करड्या माशा पाण्यावर उतरतात आणि हिवाळाभर सुस्तावलेले ट्राउट मासे खाण्यासाठी वर बघायला लागतात. घरात कोण बसेल? साडेआठलाच तो ओढ्यात उतरला. दाराला चिठ्ठीबिठ्ठी लावली नाही. ओसरीच्या खुंटीवर मासे धरायचा रॉड नसला की म्हातारा पुलाखाली, हे त्या खोऱ्यात टपालवाल्यापासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ठरल्याप्रमाणे नऊला हा माणूस पुलाखाली आला. "तुम्हीच ऑर्लिन ट्वेट ना? इथेच सापडाल म्हणाले. मी डेल." चाळिशीचा, छातीपर्यंतचा रबरी पोशाख घातलेला, हातात रॉड. सिग्नीने निदान मासे धरणारा तरी पाठवला, एवढ्यावर ऑर्लिनने तिला अर्धं माफ केलं.

"एकटेच राहता?" डेलने विचारलं.

"एकटाच. मजेत. स्वयंपाक मी करतो, गॅस मी बंद करतो."

"असं होय," डेल जरा बुचकळ्यात पडून म्हणाला.

दोन तास गेले. गळाला काही लागेना. पाणी गार, मासे तळाशी रुसून बसलेले. ऑर्लिन सारखा आभाळाकडे बघत होता. ऊन पडलं तर टेकडीवरचा बर्फ वितळून ओढ्यात येणार, पाणी आणखी थंड होणार, आणि सगळा दिवस मातीत.

"आज गुरुवार ना?" डेल सहज म्हणाला.

"गुरुवार! सत्तावीस मार्च! विचारा, अजून विचारा!"

डेल हसला. ऑर्लिनला ते हसणं आवडलं नाही. त्याच नादात शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसला. डेलने दंड धरून त्याला उभं केलं. "सांभाळा, काका." मग काठावर बसून त्याने पुन्हा वही काढली.

आता मात्र ऑर्लिन घाबरला. पडला, असं लिहिलं असणार. त्या खिडकीतल्या गाड्या त्याला एकेक करून दिसायला लागल्या.

"चला," तो म्हणाला. "एक जागा दाखवतो."

ती जागा त्याने चाळीस वर्षांत कुणाला दाखवली नव्हती. सख्ख्या भावाला तो दर वर्षी खोटी दिशा सांगत आला होता. कुंपण ओलांडून, पडलेल्या विलोच्या झाडाखालून वाकून दोघे एका वळणावर आले. तिथे खडकातून झरा ओढ्यात उतरत होता.

"आता मोजा."

"अठ्ठेचाळीस!" डेल चकित झाला.

"झऱ्याचं पाणी. बारा महिने एकसारखं. एक वाजून वीस मिनिटांनी माशा येतील. गळाला अठरा नंबरची नकली माशी बांधा, दोरा बारीक, आणि त्या खडकाच्या डाव्या अंगाला टाका. तिथला मोठा तपकिरी ट्राउट कधीच उजवीकडून खात नाही."

एक वाजून पंचवीस मिनिटांनी पाणी करड्या ठिपक्यांनी भरलं. तिसऱ्या फेकीला डेलचा रॉड वाकला. हातभर लांबीचा ट्राउट! डेलने तो पाण्यातच धरून गळ सोडवला आणि हळूच जाऊ दिला. ऑर्लिन मात्र बोलतच होता. कुठल्या साली पूर आला, कुठला खडक हलला, कुठली माशी कुठल्या आठवड्यात. एकही नाव अडलं नाही, एकही साल चुकलं नाही. डेल पानामागून पान भरत होता.

चारला पुलाखाली परतल्यावर डेलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, एवढी पक्की स्मरणशक्ती आमच्या ऑफिसातल्या तिशीच्या पोरांचीसुद्धा नाही. गळ टाकणाऱ्या सगळ्या मित्रांना सांगणार आहे मी."

"लिहिलंत ना सगळं?"

"शब्दन् शब्द."

ऑर्लिन घरी आला तो शीळ घालत. इतका हलका तो कित्येक महिन्यांत झाला नव्हता. ओले मोजे चुलीजवळ टाकले, कॉफी ठेवली, आणि आठवणीने, अगदी दोनदा बघून, गॅस बंद केला. मग फोनवरचा लाल दिवा लुकलुकताना त्याला दिसला. कपात कॉफी ओतत त्याने बटण दाबलं. आवाज सिग्नीचा होता, रडून बसलेला.

"बाबा, ऑफिसातल्या त्या बाई अकरा वाजेपर्यंत तुझ्या दारात थंडीत उभ्या होत्या. मी तुला कितीदा सांगितलं होतं रे. आजचा दिवससुद्धा विसरलास? त्यांनी तसंच लिहिलंय. मी रविवारी येते. सामान भरायला खोकी मीच आणते."