विषाची परीक्षा

माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांचं राज्य होतं. सासरे मात्र बस स्थानकावर तिकिटांच्या खिडकीत बसून रिटायर झाले, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. राजाच्या आधी कुणीतरी अन्न चाखून विषाची खात्री करायची, हा म्हणे घराण्याचा रिवाज. आमच्याकडे ते काम सासूबाईंचं.

बरं, एका घासावर भागायचं नाही. "असलं विष हळूहळू चढतं. ताट संपव, मग बघू," सासरे म्हणायचे. सासूबाई गरम गरम, पोटभर जेवायच्या, आणि महाराज हाताची घडी घालून समोर बसून राहायचे. शेजारीपाजारी हसायचे. मीही हसायचे.

सासूबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीने डबा आणून दिला. सासरे ताटासमोर तसेच हाताची घडी घालून बसले. अन्न निवत चाललं होतं. शेवटी मीच पुढे होऊन त्यांच्या ताटातला घास उचलला.

"राहू दे, सूनबाई," खिडकीतून 'गाडी गेली' सांगावं तशा आवाजात ते म्हणाले. "आपल्याला विष घालून कुणाला काय मिळणार?"

"मग इतकी वर्षं सासूबाईंना कशाला...?"



"लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची. आधी जेव म्हटलं तर ऐकायची नाही. घराण्याचा रिवाज आहे म्हटल्यावर मुकाट्याने बसली."