आपल्या शाळेची जाहिरात

"बाई, जाहिरात करणारा स्वतः ती वस्तू वापरतो का, हे बघायचं, असं तुम्हीच सांगितलंत ना?" मोबाईल रोखून सातवीतल्या गौतमीने विचारलं. "मग जाहिरातीच्या शेवटी तुम्हीच या तुमच्या लेकीला घेऊन. म्हणा, 'माझी मुलगीसुद्धा याच शाळेत येणार!'"

वर्गाने टाळ्या पिटल्या. शेंडगेबाई मात्र पर्सची चेन उगाचच उघडत-मिटत राहिल्या. पटावर जेमतेम एकोणीस मुलं उरली होती, म्हणूनच जाहिरातीचा धडा शिकवताना त्यांनी मुलांना आपल्याच मराठी शाळेची जाहिरात करायला लावली होती. आणि पर्समध्ये लेकीचा टाय होता, तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा. सकाळच्या गडबडीत तिला द्यायचा राहिलेला.

"तिला नाही जमायचं गं," बाई म्हणाल्या.

"का, बाई?"

त्यांनी खडू उचलला, परत ठेवला. एक थाप जिभेवर आली होती. ती गिळून त्यांनी टाय काढून टेबलावर ठेवला.

टाय कुठल्या शाळेचा, ते सगळ्या वर्गाने ओळखलं. गौतमीने मोबाईल खाली घेतला आणि धाकट्या बहिणीची समजूत काढावी तशी म्हणाली, "असू द्या, बाई. हे जाहिरातीत दाखवायचंच नाही."