सीलबंद पाकीट

विलीनीकरणाला आमच्या स्पर्धा आयोगाची मंजुरी मिळेपर्यंत दोन्ही मोबाईल कंपन्यांनी प्रतिस्पर्धीच राहायचं, पुढचे दर एकमेकींना कळू द्यायचे नाहीत, असा कायदा आहे. म्हणून टोफ्टे आणि ब्रान्स्ट्रुप हे दोन्ही कंपन्यांचे साहेब आमच्या कोपनहेगनच्या कार्यालयात वेगवेगळ्या दारांनी आले आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. एकमेकांकडे बघेनात. नाटकी मेले!

"चारच्या तीन कंपन्या झाल्या की तुम्ही दर वाढवणार," मी म्हणाले. "लोकांच्या खिशात हात घालायलाच हवंय तुम्हाला हे लग्न."

ब्रान्स्ट्रुप उसळला. "काहीही काय बोलता, गुड्रूनबाई! दर वाढवायचे असते तर टोफ्टेंनी जानेवारीतला नवा प्लॅन दहा क्रोनरनी स्वस्त ठेवला असता का?"

टोफ्टेने डोळे मिटून घेतले.

येत्या जानेवारीचे दर त्याच्या कंपनीने फक्त आम्हाला कळवले होते. ते पाकीट सकाळीच आलं होतं आणि माझ्यासमोर तसंच पडलं होतं. मी दोघांदेखत त्याचं सील फोडलं आणि कागद वाचला.

"बरोबर, दहाच क्रोनर," मी म्हणाले. "मला हे आत्ता कळलं, ब्रान्स्ट्रुप. तुम्हाला कधी कळलं?"