धुतलेला शर्ट

मारहाणीच्या गुन्ह्यात मुंजाजी कोठडीत होता. वारंगा फाट्यावर पडलेल्या जखमी माणसाला आपण खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं, असं तो सांगत होता. हिंगोलीतले जुने फौजदारी वकील त्याच्या आईला, मनकर्णाबाईला, म्हणाले होते, "त्या दिवशीचा शर्ट आणा. बघून केस घ्यायची का ते ठरवतो." आज तिनं पिशवीतून शर्ट काढला. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला. खांद्यावरचं रक्त दिसलं असतं, तर मुलाच्या म्हणण्याला आधार मिळाला असता. वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मावशी, धुतला काहून?" "तुमच्यासारख्या मोठ्या माणसापुढं मळका कसा आणावा, साहेब?" वकिलांनी शर्ट तिच्याकडं परत सारला. धुण्यात कसूर राहिली, असं वाटून ती ओशाळली. "लई घासला," ती म्हणाली, "खांद्याच्या शिवणीतला डाग निघालाच न्हाई." वकिलांनी चष्मा लावला. "आता घासू नका," म्हणत त्यांनी वकीलपत्र काढलं.