हिरव्या बांगड्यांचा डबा

"सोलापूरचे म्हणता, पण सोलापुरात कुठले?" तारामतींनी चहाला हात न लावता विचारलं.

"पेठेतले," जयंती म्हणाली. त्यापुढचं तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

जयंतीच्या लेकीला, अबोलीला, आणि तारामतींच्या आदितला पुण्याच्या कंपनीनं वर्षापूर्वी जपानी शाखेत, तोयोसुच्या ऑफिसात धाडलं होतं. दोघांचं जुळलं. आज अबोलीच्या तिथल्याच ग्योतोकुमधल्या घरात लग्नाची बोलणी होती. आदित आणि त्याचे वडील बाल्कनीत जाऊन उभे राहिले होते. होकार तारामतींनीच द्यायचा होता.

"विचारावं लागतं. आम्ही बलिजा म्हणजे बैलांचे तांडे घेऊन बंदरांपर्यंत जाणारे व्यापारी. हल्ली दारोदार बांगड्या भरणारेही स्वतःला बलिजाच म्हणवतात. तसल्या घरची मुलगी आमच्यात यायची नाही."

"खरंय," जयंती म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिची आई बांगड्यांची पेटारी डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायची. हात भरून झाला की शेवटची एक बांगडी आपल्याकडून चढवायची, डोळे मिटून, आणि मग ते मनगट स्वतःच्या कपाळाला लावायची. गिऱ्हाइकाला तो लाड वाटे. पेटारीवाल्या घरांत तो नेम होता, बाहेरच्यांना ठाऊक नसलेला.

तारामतींनी सोबत आणलेला हिरव्या बांगड्यांचा डबा अबोलीपुढे सरकवला. "घाल तूच. मला नाही जमत. आमच्याकडे कासारीण घरी यायची."

पहिलीच बांगडी अंगठ्यापाशी अडली. अबोलीनं जोर केला. काच तडकली, रक्त आलं.

"फुटली," अबोली म्हणाली.

"वाढली म्हणावं. शिकवलेलं दिसत नाही काही. आता हे तुकडे कुठल्या वारी टाकायचे तुमच्या या देशात?"

"काचेच्या कचऱ्याचा वार गुरुवार," अबोली पुटपुटली आणि तिनं दुसरी उचलली. तीही अडली. तिचे डोळे भरून आले.

जयंतीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. ते सुटले. तिनं लेकीचा अंगठा तळव्यात मिटवला, पेरं मुठीत घेऊन दाबली, आणि बांगडी सरकली. मग दुसरी, तिसरी, पाचवी. एकही वाढली नाही.

"हे हात बांगडीवालीचे आहेत," तारामती म्हणाल्या.

"माझ्या आईचे आहेत," जयंती म्हणाली. "पेटारी होती तिची. अबोलीलाही आजच कळतंय. तुम्ही आता उठलात तरी मी थांबवणार नाही."

तारामती उठल्या. बाल्कनीत नवरा आणि मुलगा पाठमोरे उभे होते. तारामतींनी मधलं दार लावलं, पडदा ओढला. परत येऊन त्या अबोलीसमोर मांडी घालून बसल्या, डब्यातली आणखी एक बांगडी उचलली, डोळे मिटले, एका दमात तिच्या हातात चढवली आणि ते मनगट आपल्या कपाळाला लावलं.